टी-शर्टवर नसलेली बायको

दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यात दोन गोष्टींना एकदम ऊत येतो. एक कापसाची वेचणी आणि दुसरी दहावीच्या बॅचांचे स्नेहमेळावे. रस्त्यानं कापसाचे टेम्पो डुलत जाऊ लागतात, कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकून राहतात, आणि त्याच रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांवर 'पुन्हा भरली शाळा' छापाचे फ्लेक्स चढतात. लग्नाच्या तिथींना अजून अवकाश असतो, कार्यालयं रिकामी पडलेली असतात, म्हणून आठवणी काढायला हा हंगाम सोयीचा. पूर्वी माणसांना आठवणी कधीही यायच्या. आता हॉल मिळाला की येतात.

यंदा सिरसाळ्याच्या आमच्या बॅचची पाळी होती. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला, त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार पडू लागले, आणि एक दिवस त्या फुलांमध्ये टी-शर्टचा फोटो आला. मेळाव्याला सगळ्यांनी एकसारखा टी-शर्ट घालायचा, असं समितीनं ठरवलं होतं. समिती म्हणजे बाळू. शाळेत तो वर्गाचा मॉनिटर होता, आता त्याच्या नावाआधी फ्लेक्सवर 'युवा नेते' लागतं. पोटाकडे बघून कुणी युवा म्हणणार नाही, पण फ्लेक्सवर पोट येत नाही.

टी-शर्ट काळा. छातीवर एक ढेरपोट्या माणूस, अंगात बनियन, हातात पाव, तोंड ढेकर देण्याच्या तयारीत. खाली ठसठशीत अक्षरांत 'आपलं बालपण'. आमच्या लहानपणी केबलवर हिंदीत डब होऊन एक परदेशी कार्टून लागायचं, पावाची गाडी चालवणाऱ्या एका आळशी माणसाचं आणि त्याच्या घराचं, त्यातला हा बाप. फोटो आल्या आल्या ग्रुपवर लाल बदामांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, क्या दिन थे. कुणी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. ढेकर देणाऱ्या माणसाकडे बघून डोळ्यांत पाणी येणारी ही माणसं माझ्याच वर्गात होती, हे मला मान्य करावं लागलं.

मी अंबाजोगाईला एका शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे माझा पहिला राग धंद्यातला होता. कुरियरनं टी-शर्ट घरी आला तेव्हा मी तो उजेडात धरून बघितला. चित्राला तडे गेलेले होते, कडा विटलेल्या होत्या, आणि कापड मात्र कोरं करकरीत. म्हणजे तडेसुद्धा छापलेले. हल्ली असंच चालतं म्हणे. जुनं दिसावं म्हणून नव्याला कारखान्यातच झिजवून देतात. विटायला कपड्याला उन्हं खावी लागतात, दगडावर आपटून घ्यावं लागतं, थोरल्या बहिणीच्या अंगावरून धाकटीच्या अंगावर यावं लागतं. इथं ते काहीच न करता विटलेपण आयतं मिळत होतं, सगळ्या मापांत. नवऱ्यानं माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "टी-शर्टनं काय केलं तुझं?" टी-शर्टनं काही केलं नव्हतं. पण मी तो घडी न घालता खुर्चीवर फेकला आणि दोन दिवस त्याच्याकडे बघितलं नाही.

सिरसाळ्याला आमच्या घराशेजारी गफूरचाचांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. तेव्हाचे टीव्ही पेटीएवढे, पाठीमागे कुबड असलेले. चाचा त्यांची पाठ उघडून आत डोकं घालून बसलेले असायचे आणि खोलीत राळेचा, तापलेल्या तारेचा वास भरलेला असायचा. तो वास मला अजून आवडतो. टीव्ही नीट झाला तरी चाचा लगेच परत देत नसत. तो तासन् तास चालू ठेवायचा, तापू द्यायचा आणि मगच गिऱ्हाईकाला बोलवायचं, ही त्यांची रीत. त्यातही चाचणीला ते बातम्या किंवा सिनेमा कधी लावायचे नाहीत, कार्टून लावायचे. माणसाच्या तोंडावर हिरवा डाग पडला तर तो सावलीचा वाटू शकतो, पण कार्टूनमधला पिवळा रंग सपाट असतो, त्यात पडद्याचा दोष लपत नाही, असं ते सांगायचे. त्यामुळे संध्याकाळी शाळा सुटली की चाचांच्या खोलीत कार्टून चालू असायचं आणि चाची आम्हाला बसायला पोतं टाकून द्यायची.

आम्हाला म्हणजे मला आणि सुमित्राला. आम्ही नववीत होतो, एका बाकावर बसायचो. तिचं घर गावातलं मोठं, जमीनदार, भावकी मोठी, दारात ट्रॅक्टर. टीव्ही तिच्याही घरी होता, पण त्याचं बटण तिच्या काकांच्या हातात असायचं. मग ती घरी सांगायची की माझ्याकडे अभ्यासाला जाते, आणि अर्धा वेळ आम्ही खरंच अभ्यास करायचो. उरलेला वेळ ते कार्टून.

खरं तर ते मुलांसाठी नव्हतंच. परदेशात मोठ्यांसाठी काढलेलं, मोठ्यांनी रात्रीच्या जेवणानंतर बघायचं. पण आमच्याकडे हे कुणाला पटलं असतं? चित्र म्हटलं की ते पोरासोरांचं, अशी आमच्या गावाची पक्की समजूत होती. केबलवाल्याचीही तीच, म्हणून तो ते संध्याकाळी सोडायचा, नेमकं पोरं घरी यायच्या वेळेला. त्यामुळे आख्ख्या गावातली पोरं त्या बापाचे ढेकर, त्याची दारू, शेजाऱ्याशी मारामारी हे सगळं बिनबोभाट बघत होती, आणि घरचे म्हणत होते, बरं झालं, चित्रं बघतंय, गप बसलंय. मला या घोळाची गंमतच वाटते. एवढं मोकळं काहीतरी आमच्या घरांत एवढ्या सोप्या चुकीतून शिरलं होतं.

आणि त्यात ती बायको होती. उंच, काटकुळी, केस वर बांधलेली, नाकावरून घसरणारा चष्मा. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ कायम गळायचा. प्रत्येक भागात ती नवऱ्याला नळ दुरुस्त करायला सांगायची, आणि तो जगातली बाकी सगळी कामं करायचा पण नळाला हात लावायचा नाही. ती त्याला अरे-तुरे करायची. आमच्या आया नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, आणि ही बाई हिंदीत म्हणायची, तू उठता है कि नहीं. एका भागात तिनं तो नळ भिंतीतून उपटला, ताटात ठेवला, बाजूला चटणी वाढली आणि ताट त्याच्यासमोर सरकवलं. म्हणाली, ले, खा. सुमित्रा त्या दिवशी पोत्यावरून खाली घरंगळली. तिचं हसणं आधी नाकातल्या नाकात सुरू व्हायचं, मग खांदे हलायचे आणि शेवटी ठसका लागायचा. चाची आतून पाणी घेऊन आली. चाचांनी दुसऱ्या एका टीव्हीतून डोकं बाहेर काढलं, आमच्याकडे बघितलं आणि परत आत घातलं, पण त्यांचीही पाठ हलत होती.

बाहेर खिडकीला वर्गातली पोरं लटकलेली असायची, बाळूही. चाचा त्यांना आत या म्हणायचे, पण त्यांना गजांना धरून बघण्यातच मजा वाटायची. ढेकर आला की खिडकी हसायची. बायको बोलली की खिडकी गप्प व्हायची आणि आत आम्ही हसायचो. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता लिहिताना कळतंय.

बाळू सुमित्राच्या भावकीतला. एका संध्याकाळी तो खिडकीतून उतरून थेट तिच्या घरी गेला आणि तिच्या काकांना म्हणाला, तुमची सुमी दुकानात बसून घाण कार्टून बघते आणि बाप्यांसारखी खदाखदा हसते. तो स्वतः खिडकीत काय करत होता, हे त्याला कुणी विचारलं नाही. काका दुकानात आले ते ओरडतच. चाचांना जे बोलू नये ते बोलले. चाचांनी फक्त टीव्ही बंद केला. सुमित्राला काकांनी हाताला धरून नेलं आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी माझी आई तिच्याकडे जाऊन आली आणि येऊन म्हणाली, तिला घरी बसवलंय.

घरी बसवलंय. हा शब्दप्रयोग ज्यानं काढला त्याला मला एकदा भेटायचंय. कुठली मुलगी घरी बसवल्यावर बसते? ती उठते पहाटे, पाणी भरते, भाकरी थापते, गोठा काढते, आणि वेचणी लागली की बायांबरोबर रानात जाते. बसत असेल तर तिचं नाव बसतं, हजेरीपटात, लाल रेघेखाली. कारण काय दिलं घरच्यांनी, तर पोरगी मोठी झाली. ज्या कार्टूनसाठी ती लहान होती, त्याच कार्टूनपायी ती एका रात्रीत मोठी झाली. मला हे तेव्हाही समजलं नाही आणि आता मी रोज नववीच्या मुलींना शिकवते, आताही समजत नाही.

तो हंगाम मला कापसाच्या वासानं आठवतो. पऱ्हाटीला, कापसाच्या झाडाला, एक तुरट, धुळकट वास असतो, सकाळी दव असताना जास्त. शाळेची वाट सुमित्राच्या रानाला लागून जायची. ती वेचताना दिसायची, परकरावर भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला, कारण बोंडांची वाळलेली टोकं हात ओरबाडतात, कमरेला ओटी बांधलेली, डोक्याला फडकं. वेचणीच्या सगळ्याच बाया असा बाप्यांचा शर्ट घालतात, ती त्यांची वर्दीच. पण सुमित्राच्या अंगावर तो बघून मला वाटायचं की हिला कुणीतरी दुसऱ्याच माणसाच्या कपड्यात घालून ठेवलंय. सुरुवातीला ती हात करायची. मी दप्तर बांधावर ठेवून जायची आणि आज काय शिकवलं ते सांगायची. ती दोन्ही हातांनी वेचत ऐकायची आणि मधेच विचारायची, मग नळ दुरुस्त झाला का? पण चाचांनी चाचणीला कार्टून लावणं सोडलं होतं. ते रंगीत फुलांचं एक कॅलेंडर समोर ठेवून रंग जुळवायचे. दोन वर्षांनी सुमित्राचं लग्न झालं, तेव्हा मी अकरावीला परळीला होते.

म्हणून मी ग्रुपवर बघितलं, सुमित्रा आहे का. नव्हती. बाळूला फोन केला. त्याचं म्हणणं असं, की बॅच म्हणजे दहावीला बसलेले, बोर्डाच्या निकालात ज्यांची नावं आहेत ते. कुठंतरी रेघ मारावीच लागते ताई, नाहीतर कुणीही येईल. मला शाळेत तो कधी ताई म्हणाला नव्हता. मी म्हटलं, आपल्या वर्गात एकच महिना असलेला बदलीवाल्या साहेबाचा मुलगा तुझ्या ग्रुपवर आहे. तो म्हणाला, तो दहावीला पुण्याहून बसला, पण बसला ना. मग माझा आवाज चढला. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, शाळेत नोकरी करते. शेवटी तो म्हणाला, येऊ दे की तिला, आपली काय हरकत हाय, पर टी-शर्टची ऑर्डर गेली, तिच्या मापाचा न्हाई. जणू सगळा प्रश्न मापाचाच होता. मी म्हटलं, माझा देते तिला.

मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात सुमित्राकडे गेले. सासर सिरसाळ्याच्या पलीकडेच आहे, घर बंद होतं, शेजारणीनं रान दाखवलं. ती बायांच्या रांगेत होती, साडीवर नवऱ्याचा चौकड्याचा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, ओटी भरलेली. आमची भेट कुणाकुणाच्या लग्नात व्हायची, पण अशी समोरासमोर उभ्या राहून बोलायची वेळ बऱ्याच वर्षांत आली नव्हती. ती जाड झाली होती, मीही. तिनं बांधावर येऊन ओटी ढिगात रिकामी केली, मला पाणी दिलं, मुलगी नर्सिंगला लातूरला आहे ते सांगितलं. लेकीला शिकवायला ती नवऱ्याशी आणि सासऱ्याशी किती भांडली, तेही सांगितलं, अगदी शांतपणे, जसं कुणी विहीर किती खोल गेली ते सांगावं. मग मी पिशवीतून टी-शर्ट काढला.

तिनं हात शर्टाला पुसले आणि दोन्ही हातांत धरून बघितला. आधी नाकातल्या नाकात हसू आलं. मग खांदे हलले. वेचणाऱ्या बाया वळून बघू लागल्या. ठसका लागतो की काय असं मला वाटलं, पण तिचं हसू मधेच थांबलं. तिनं टी-शर्ट उलटा करून पाठ बघितली, परत सुलटा केला.

"आन् ती कुठंय?"

"कोण?"

"त्याची बायकू. नळवाली."

मी चित्रकलेची बाई, तडे मोजत बसले होते, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती नव्हती. ना पुढे, ना पाठीला. आपलं बालपण म्हणून ज्यांनी हे चित्र निवडलं त्यांना ती आठवलीच नसणार, कारण ती बोलायची तेव्हा ते गप्प व्हायचे. त्यांचं बालपण ढेकर होतं. आमचं ती होती. मला एवढा संताप आला की मी तो टी-शर्ट तिच्या हातातून ओढून घेतला.

सुमित्रानं बाळूनं हे निवडलं का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं की बाळू स्वतःही घालणार का. मी म्हटलं, घालणार आणि मिरवणार. तिनं फडक्यानं मान पुसली.

"येते मी," ती म्हणाली. "पर हे नगं मला. अर्ध्या बाह्याचं काय कामाचं?"

मेळाव्याच्या दिवशी कार्यालयाच्या दारात सनई होती, फेटे होते, वरून घरघरणारा ड्रोन होता. गुरुजींचे सत्कार झाले. एक गुरुजी आता कुणाला ओळखत नाहीत, त्यांच्या गळ्यात शाल घालून फोटो काढले. पुरुष मंडळी सगळी टी-शर्टात, छातीवरचा ढेरपोट्या आणि आतला ढेरपोट्या एकमेकांना भिडलेले. आणि माझ्या वर्गमैत्रिणी? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की साडीवर टी-शर्ट कसा घालायचा. त्या काठपदरी साड्या नेसून आल्या होत्या आणि समितीचा मान राखायला त्यावरून तो काळा टी-शर्ट चढवून बसल्या होत्या, पदर आत कोंबून. ओळीनं बसलेल्या त्या बायकांकडे बघून मला रान आठवलं. फरक एवढाच की वेचणीचा शर्ट अंगाला काही कामाचा असतो.

सुमित्रा जांभळ्या साडीत आली, बिनटी-शर्टाची, आणि माझ्याशेजारी बसली. दारावरच्या पोरानं बॅचचा बिल्ला लावताना नाव विचारलं, तिनं माहेरचं नाव सांगितलं. तिनं सगळा कार्यक्रम नीट ऐकला, टाळ्याही वाजवल्या. मग 'मनोगत' सुरू झालं आणि बाळूनं माइक घेतला.

तो छान बोलतो, हे कबूल करायला हवं. त्यानं छातीवर हात ठेवला, त्या चित्रावर, आणि गफूरचाचांच्या खिडकीची आठवण काढली. गजाला धरून कसं लटकायचो, चाची कशी ओरडायची. चाची कधीच ओरडली नव्हती. लोक हसत होते. मग त्याला सुमित्रा दिसली आणि त्याचा चेहरा खरंच उजळला, त्याला खरंच आनंद झाला होता, आणि मला तेच जास्त लागलं. तो म्हणाला, आन् आमची सुमी आत पोत्यावर बसून लई हसायची. मग काय, खबर गेली तिच्या घरी.

हॉल हसला. खबर गेली, म्हणे. मला उठायचं होतं. पण शेजारची खुर्ची आधी सरकली. सुमित्रा उभी राहिली. कुणीतरी दुसरा माइक घेऊन धावलं, तिनं त्याला हातानं नको म्हटलं. रानात या टोकावरून त्या टोकाला बोलायची सवय असलेल्या बाईला माइक लागत नाही.

"खबर गेली न्हाई, बाळू. तू गेलतास आमच्या घरी. तू बी तेच बगत व्हतास. तुला कुणी घरी बसवलं न्हाई."

ड्रोनची घरघर ऐकू येऊ लागली. पुढच्या रांगेतल्या एका गुरुजींनी मागे वळून बघितलं. बाळूनं इकडेतिकडे बघितलं, कुणी हसतंय का ते. मग तो स्वतःच माइकमध्ये हसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं सुमे, लहान होतो आपण तवा."

"मी बी लहानच व्हते," सुमित्रा म्हणाली, आणि खाली बसली नाही.